चार किलोमीटर कमी

आस्थापना विभागात खिडकीपाशी बसणाऱ्या गृहस्थांना अख्खं ऑफिस अंतरकाका म्हणायचं. वय छप्पन्न, चष्मे दोन आणि काम एकच: कुठलं शहर किती लांब आहे ते सांगणं.

कंपनीत आशियाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं होती. कुणाचे आईवडील एका शहरात, कुणाची बायकामुलं दुसऱ्या शहरात. प्रत्येकाला वर्षातून एकदा सहा दिवसांची कुटुंबभेट रजा मिळे. जाण्यायेण्यासकट, सुट्ट्या धरून सहा. आणि नियम चौदा असा होता की इथून त्या शहराचं सरळ हवाई अंतर चार हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रवासापोटी आणखी दोन दिवस द्यावेत. आता सरळ हवाई अंतर कुणी सांगायचं, असा प्रश्न बावीस वर्षांपूर्वी निघाला होता. तेव्हाच्या साहेबांनी काकांना बोलावून विचारलं, "तुम्हाला भूगोल आवडतो का हो?" काका नाही म्हणायला कचरले, आणि त्या कचरण्यातून दोनशे बारा शहरांचा तक्ता जन्माला आला. अक्षांश-रेखांश घेऊन, कॅल्क्युलेटर बडवून, काकांनी तो साडेतीन महिन्यांत पुरा केला होता. तेव्हापासून रजेच्या प्रत्येक अर्जावर अंतराच्या रकान्यात आकडा भरायचा आणि खाली लहान सही करायची, हे काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

स्वतः काका विमानात कधी बसले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. बायकोचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं आणि तिथे जायलाही ते टाळाटाळ करायचे.

रेकॉर्डरूमच्या ताई त्यांच्याकडे आल्या तो मंगळवार होता. तळमजल्यावर जुन्या फायली सांभाळायचं काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. वयानं काकांपेक्षा तीनच वर्षांनी लहान, आणि आता आजी व्हायला निघालेल्या, तरी सगळ्यांसारखं त्याही त्यांना काकाच म्हणायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात राहत होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

ताईंनी अर्ज टेबलावर ठेवला आणि अंतराच्या रकान्यावर बोट टेकवलं.

"काका, हे तीन हजार नऊशे शहाण्णव तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो. तक्त्यात तेवढंच आहे."

"म्हणजे चार किलोमीटर कमी पडले."

"हो."

"माझ्या घरापासून बसचा थांबाच चार किलोमीटर आहे."

काका म्हणाले, "तो धरत नाहीत."

ताई खुर्चीत बसल्या. त्या आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. रेकॉर्डरूममध्ये आवाज चढवून उपयोग नसतो, फायली काही ऐकत नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की तिथे जायला थेट विमान नाही. मध्ये एका शहरात उतरायचं, सहा तास ताटकळायचं आणि दुसरं विमान धरायचं. जाताना एक दिवस मोडतो, येताना एक. उरले चार. डॉक्टरांनी तारीख दिली आहे, पण बाळानं ती वाचलेली नाही. दोन दिवस पुढेमागे झालं, तर आई गेली काय आणि न गेली काय, सारखंच.

"मी अर्जात तसं लिहिलंय. मागच्या बाजूला," त्या म्हणाल्या. "माणूस काही किलोमीटर मोजत प्रवास करत नाही, तास मोजत करतो. ते वाचलंत का तुम्ही?"

काकांनी वाचलं होतं. शेजारी त्यांच्याच अक्षरात 'नियमाशी संबंध नाही' असा शेराही होता.

"मी तुम्हाला खोटा आकडा घाला म्हणत नाही," ताई उठता उठता म्हणाल्या. "पण कुठून कुठे मोजलंत, तेवढं तरी बघून सांगा. शहर म्हणजे काय सुईचं टोक आहे का?"

त्या गेल्या आणि काका तसेच बसून राहिले. बावीस वर्षांत तक्त्याबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. माणसं चिडायची, हळहळायची, एकानं तर टेबलावर मूठ आपटली होती. पण कुठून कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी कपाटातून मूळ वही काढली. पहिल्याच पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सर्व अंतरे विमानतळापासून विमानतळापर्यंत. काकांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी खालचे अक्षांश-रेखांश वाचले आणि तो जीव पुन्हा बाहेर आला. ते आकडे इथल्या जुन्या विमानतळाचे होते. जुना विमानतळ अकरा वर्षांपूर्वी बंद झाला होता. तिथे आता गोदामं होती. म्हणजे गेली अकरा वर्षं ही कंपनी माणसांना गोदामातून उडवत होती.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली. ती शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होती.

"मग नवीन विमानतळ किती लांब आहे जुन्यापासून?" तिनं विचारलं.

"नऊ किलोमीटर."

"झालं तर. तुम्हाला चारच हवेत."

"अगं, तसं नसतं. कुठल्या बाजूला नऊ, ते बघायला हवं."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी माळ्यावरून पृथ्वीचा गोल काढला. बायकोनं त्यावरची धूळ पुसली, दोऱ्याचं रीळ आणलं आणि एक टोक आपल्या शहरावर धरलं. काकांनी दुसरं टोक ताईंच्या मुलीच्या शहरावर टेकवून दोरा ताणला. दोघांनी चष्मे सरसावून पाहिलं.

"किती भरलं?" बायकोनं विचारलं.

"यावर कळायचं नाही. या गोलावर नुसत्या दोऱ्याची जाडीच वीस किलोमीटर आहे."

"मग मला कशाला धरायला लावलंत?"

"सुरुवात अशीच करतात," काका म्हणाले आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

बायको आकडे वाचून दाखवत होती, काका बटणं दाबत होते. चार वाजेपर्यंत त्यांनी तीन वेळा हिशोब केला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. नवीन विमानतळ शहराच्या ईशान्येला होता. ताईंच्या मुलीचं शहरही ईशान्येलाच होतं. विमानतळ नऊ किलोमीटर सरकला होता तो जवळजवळ त्याच दिशेला. अंतर वाढायच्या ऐवजी आठ किलोमीटरनं घटलं होतं. तीन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.

बायकोनं बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "हे त्यांना सांगणार आहात?"

"सांगायला हवं. चूक सापडलीय."

"अहो, पण चुकीमुळे त्या जरा जवळ तरी होत्या."

सोमवारी सकाळी काका तळमजल्यावर गेले. ताई शिडीवर चढून वरच्या फळीवरच्या फायली झटकत होत्या. काकांनी खालूनच सगळं सांगितलं. जुना विमानतळ, नवीन विमानतळ, ईशान्य दिशा. ताईंनी फडकं खांद्यावर टाकलं.

"म्हणजे मी तुमच्याकडे आले नसते, तर चार किलोमीटर कमी होते. आले म्हणून आता बारा कमी आहेत."

"हो," काका म्हणाले. "आकडा आता अचूक आहे."

ताई शिडीवरून खाली उतरल्या, खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काकांना कळेना की आपणही हसावं की काय. त्यांनी फळीवरची एक तिरकी फाईल सरळ केली.

"राहू द्या हो काका," डोळे पुसत ताई म्हणाल्या. "तुमचा काय दोष. पृथ्वीच तेवढी आहे."

पण काकांच्या डोक्यातून ते जाईना. एक आकडा चुकला म्हणजे दोनशे बाराही चुकलेले होते. पुढचे बारा दिवस ते घरी जाऊन चहा घेतला की कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. बायको वाचायची, ते दाबायचे. मधूनच ती म्हणायची, "या शहराचं नाव छान आहे. इथे काय पिकतं?" आणि काका म्हणायचे, "माहीत नाही. चार हजार आठशे अकरा." अभ्रे अर्धवटच राहिले. तक्ता मात्र पुरा झाला. बहुतेक आकडे थोडेफार हलले होते, पण चार हजारांची रेघ दोनच शहरांनी ओलांडली होती. एक नैऋत्येचं शहर होतं, ते तीन हजार नऊशे पंच्याण्णववरून वर सरकलं होतं; तिथलं कुणीच कंपनीत कामाला नव्हतं. दुसरं ईशान्येचं होतं. ते चार हजार सहावरून खाली येऊन तीन हजार नऊशे अठ्ठ्याण्णववर थांबलं होतं. ते उपव्यवस्थापक साहेबांच्या आईचं शहर होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. सही करायच्या आधी कागद वाचायचा, हे त्यांचं वैशिष्ट्य होतं, आणि ऑफिसला त्याचा त्रासही होता. काका नवीन तक्ता घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलासमोर उभे राहिले. साहेब वरून खाली वाचत आले. एका ओळीशी त्यांचं पेन थांबलं.

"हे काय?"

"अंतर, साहेब."

"आमच्या आईचं गाव चार हजारांच्या आत?"

"दोन किलोमीटरनं, साहेब."

"दोन?"

"दोन."

"मोजण्यात काही चूक?"

"तीनदा मोजलं, साहेब. घरच्यांनी आकडे वाचले."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मी दरवर्षी आठ दिवस जातो. आता सहा होणार?"

"नवीन तक्ता लागू झाल्यावर, हो."

साहेब उठून भिंतीवरच्या आशियाच्या नकाशासमोर जाऊन उभे राहिले. तिथे उभं राहून त्यांनी दोन्ही शहरांवर एकेक बोट ठेवलं आणि बोटांमधलं अंतर निरखलं, जणू ते दोन किलोमीटर तिथे कुठे सांडलेले दिसतील.

"मला एक सांगा," ते नकाशाकडे बघतच म्हणाले, "हा नियमच मुळात चुकीचा नाही का? माणूस काय किलोमीटरमध्ये प्रवास करतो? माणूस तासांमध्ये प्रवास करतो."

"हे रेकॉर्डरूमच्या ताईंनी लिहिलंय, साहेब. अर्जाच्या मागच्या बाजूला."

"काय लिहिलंय?"

"हेच. शब्द जवळजवळ हेच आहेत."

"मग तुम्ही त्यावर काय केलंत?"

"नियमाशी संबंध नाही असा शेरा मारला."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका नकाशाकडे बघत होते.

"तो अर्ज आणा," साहेब म्हणाले. "त्याचाच संदर्भ देऊन टिपण तयार करा. अंतराऐवजी प्रवासाचा वेळ."

"मर्यादा किती ठेवायची, साहेब? किती तासांच्या वर दोन दिवस द्यायचे?"

साहेबांच्या विमानाला पाच तास दहा मिनिटं लागत होती. त्यांनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं.

"पाच ठेवा."

टिपणाचा पहिला मसुदा साहेबांनी स्वतःच सांगितला: तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करावी. काकांनी तो लिहून घेतला, पण पेनाला टोपण लावलं नाही.

"साहेब, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा तीन तास पुढे आहे."

"मग?"

"असं वजा केलं तर तुम्हाला जाताना आठ तास दहा मिनिटं लागतात, आणि येताना दोन तास दहा मिनिटं."

"येताना मी इतक्या लवकर येतो?"

"घड्याळाप्रमाणे, हो."

साहेबांना ही गोष्ट आवडल्यासारखी दिसली, पण त्यांनी मसुदा बदलायला सांगितला. प्रत्यक्ष लागलेला वेळ, मधला थांबा धरून. काकांनी टिपण टाइप केलं. शेवटी एक ओळ त्यांनी आपल्या मनानं घातली: 'हा बदल सहीच्या तारखेस चालू असलेल्या रजांनाही लागू राहील.' ही ओळ घाला असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी ती वाचली, पेन्सिलीनं खाली एक बारीक रेघ ओढली आणि कागद मुख्य कार्यालयाकडे मंजुरीला पाठवला.

मुख्य कार्यालयात कागद गेला की तिथे तो मुक्काम करतो. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रोज सकाळी काका टपाल बघायचे आणि मग जिन्यावरून खाली जाऊन ताईंना सांगायचे, "नाही आलं." ताई म्हणायच्या, "बरं." असं दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी काका दारात दिसल्याबरोबर ताईंनीच "बरं" म्हणून टाकलं.

शेवटी बुधवारी पहाटे ताई निघाल्या. मंजूर रजा सहा दिवसांची होती. बाळाची तारीख शुक्रवारची होती आणि सोमवारी परतायचं होतं. त्याच दिवशी उपव्यवस्थापक साहेबही आपल्या आईकडे गेले. नवीन तक्ता निघेपर्यंत जुनाच लागू असल्यामुळे ते आठ दिवसांसाठी गेले.

मुख्य कार्यालयाची मंजुरी शुक्रवारी दुपारी आली. सगळं ठीक होतं, एक अक्षरही बदललेलं नव्हतं. खाली फक्त उपव्यवस्थापकांची सही हवी होती, आणि उपव्यवस्थापक चार हजारांना दोन कमी एवढ्या किलोमीटरवर बसले होते.

काकांनी शुक्रवारी त्यांना तीनदा फोन लावला. शनिवारी पाचदा लावला. रिंग वाजून वाजून बंद पडायची. निरोप ठेवला, तोही कुणी ऐकला नाही. रविवारी दुपारी घरी काका जेवले, हात धुतले आणि फोनसमोर बसले. बायको अभ्रे शिवत होती. तिनं यंत्र थांबवलं.

"साहेबांना लावताय?"

"नाही. ताईंना."

तिकडे संध्याकाळ झाली होती. ताईंनी दुसऱ्या रिंगलाच फोन उचलला.

"काका? काय झालं? रेकॉर्डरूममध्ये काही झालं का?"

"नाही नाही. फायली आहेत तिथेच आहेत. मुलगी कशी आहे?"

"आहे तशीच आहे. पोट घेऊन फिरतेय या खोलीतून त्या खोलीत. डॉक्टर म्हणतात वाट बघा. मी बॅग भरलीय. सकाळी दहाचं विमान आहे. चार दिवस मी नुसते तिचे पाय दाबले, काका. तेवढं तरी झालं."

काकांनी फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

"ताई, दोन दिवस मंजूर झालेत."

"काय?"

"नियम बदलला. तासांप्रमाणे झाला. तुमचे पंधरा तास चाळीस मिनिटं होतात. तिकीट बुधवारचं करून घ्या. आत्ताच करा, नंतर जागा मिळणार नाही."

"सही झाली साहेबांची?"

या प्रश्नाची काकांनी तयारी केली नव्हती. खरं तर त्यांनी फोन करायचीच तयारी केली नव्हती.

"झाली," ते म्हणाले.

तिकडून कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि ताई लांबून कुणाला तरी सांगत होत्या, "अगं, थांबतेय मी. बुधवारपर्यंत थांबतेय." फोन ठेवायचं त्या विसरल्या होत्या. काका बराच वेळ तिकडची बोलणी ऐकत राहिले आणि मग त्यांनी हळूच फोन ठेवला.

बायको त्यांच्याकडे बघत होती. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं या माणसाला दूधवाल्यालासुद्धा 'घरात नाही' असं सांगताना पाहिलं नव्हतं.

"झाली सही?" तिनं विचारलं.

"होईल."

"आणि नाही झाली तर?"

"तर माझी रजा शिल्लक आहे. ती त्यांच्या नावावर घाला म्हणेन."

"तसं करता येतं?"

"नाही," काका म्हणाले. बायकोनं त्यांना चहा करून दिला, साखर थोडी जास्त घालून.

त्या रात्री काकांना धड झोप लागली नाही. सोमवारी ते ऑफिसात सर्वांच्या आधी हजर झाले आणि दहाच्या ठोक्याला त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी उचलला. फोन आईच्या उशीखाली गेला होता, आईला वाटलं कुणाचा तरी आहे आणि तिनं तो कपाटात ठेवून दिला होता. काकांनी मंजुरीचं सांगितलं. साहेब खूष झाले. कागदाचा फोटो तिकडे गेला, त्याची प्रत काढून साहेबांनी सही केली आणि अर्ध्या तासात सहीचा फोटो इकडे आला.

"तारीख आजचीच टाकलीय," साहेब म्हणाले. "शुक्रवारची हवी होती का?"

शुक्रवारची तारीख पडली असती तर काकांचं रविवारचं बोलणं आपोआप खरं झालं असतं. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली एक माणूस गाडी मागे घेत होता आणि दुसरा त्याला हातानं 'ये, ये' करत होता.

"नको, साहेब. आजचीच बरोबर आहे."

फोन ठेवून त्यांनी ताईंच्या अर्जाची फाईल उघडली आणि लिहिलं: 'सदर कर्मचाऱ्यास रजावाढ मंजूर झाल्याचे मी रविवारी दूरध्वनीवरून कळवले. त्या वेळी सही झालेली नव्हती. झाली आहे असे मी सांगितले. जबाबदारी माझी.' खाली पूर्ण सही केली. लहान सही अशा ठिकाणी चालत नाही.

साहेब गुरुवारी रजेवरून परतले आणि त्यांनी ते वाचलं. शेजारी त्यांनी एकच शब्द लिहिला: 'पाहिले.' तो प्रकार तिथेच मिटला. आईची तब्येत बरी आहे, एवढं साहेबांनी केबिनमधून जाता जाता काकांना आपण होऊन सांगितलं. याआधी त्यांनी आईबद्दल ऑफिसात कधी काही सांगितलं नव्हतं.

त्याच गुरुवारी ताईही कामावर आल्या. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले आणि चेहरा असा, की रेकॉर्डरूममधल्या ट्यूबलाइटची गरजच नव्हती. मुलगी झाली होती. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता, तिकडच्या घड्याळानं. वजन दोन किलो नऊशे. ताई बुधवारी सकाळी आठला घरून निघाल्या, म्हणजे नात त्यांना चौदा तास मिळाली. त्यातले दोन तास नर्सनं तिला नेलं होतं.

दुपारी काका नवीन फॉर्म घेऊन खाली गेले. वेळेच्या तक्त्यातली ही पहिलीच नोंद होणार होती आणि ती ऐकीव माहितीवर करायची त्यांची इच्छा नव्हती.

"जाताना विमान किती वाजता सुटलं?"

"सहा दहा."

"पहिल्या विमानातून उतरलात कधी?"

ताईंनी सांगितलं. काकांनी लिहिलं.

"मधला थांबा?"

"सहा तास पाच मिनिटं. एका बाकावर बसले होते. शेजारी एक आजी होती. तिची भाषा मला येईना, माझी तिला. तिनं फोन काढून मला तिची सगळी नातवंडं दाखवली. सात. माझ्याकडे दाखवायला काय होतं? मी पर्समधून सोनोग्राफीचा कागद काढून दिला. तिनं तो उलटा धरला होता, पण कौतुक फार केलं."

"सहा तास पाच मिनिटं," काकांनी लिहिलं. "आणि येताना?"

"येतानाही तेच शहर. थांबा जरा कमी, साडेपाच तास. बाकसुद्धा तोच, मी मुद्दाम तिथेच जाऊन बसले. आता फोन भरून फोटो होते, तर शेजारी कुणी नाही. एक माणूस आला नंतर, तो बसला तसा झोपलाच."

काकांनी साडेपाच लिहिलं, बेरीज केली, खाली रेघ ओढली. मग वाचायचा चष्मा काढून खिशात ठेवला, दुसरा चष्मा लावला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"दाखवा," ते म्हणाले.

सत्तेचाळीस फोटो होते. त्यांपैकी बेचाळीस फोटोंत बाळ झोपलेलं होतं. काकांनी सगळे पाहिले.